शेवटच्या बिंदूपुढची रेघ

सुदाम काकडे यांनी काढलेला शेवटचा वक्र आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर, घडीच्या खालच्या बाजूला, चार कॉलमांत छापून आला. त्यानंतरही ते बराच काळ नोकरीत होते. आलेखही काढत होते. पण त्यात वक्र नसे. बिंदू असत आणि एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघा असत. शेवटच्या बिंदूवर रेघ थांबे आणि पुढचा कागद कोरा राही.

ग्राफिक विभाग म्हणजे संपादकीय दालनाच्या कोपऱ्यातले एक टेबल होते. टेबलावर जुना संगणक, शेजारी खिडकी, खिडकीखाली जालना रोडची वाहतूक. काकडे तिथे पाठमोरे बसत. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले, कारण दालनातली थंड हवा त्यांना सोसत नसे. बोलणे सिल्लोडकडचे. शहरात शिकले, गारखेड्यात राहिले, एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात काही वर्षे संगणकावरच्या चित्रांचे गणित शिकवले, तरी बोलणे बदलले नाही. महाविद्यालयात मुले येईनाशी झाली तेव्हा ते आमच्याकडे आले.

कोणी आकडा आणून दिला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. ‘हे कुठून आलं?’ बातमीदाराने ‘साहेबांनी सांगितलं’ म्हटले की दुसरा प्रश्न येई, ‘साहेबाकडं कुठून आलं?’ नवे बातमीदार चिडत. जुने त्यांच्या टेबलाकडे जाण्याआधी एक फोन करून घेत.

आलेख काढायला तयार प्रोग्राम मिळत असताना काकडे स्वतः लिहिलेला वापरत. तयार प्रोग्राम काय करतो ते दिसत नाही, एवढेच कारण ते देत. त्यांच्या प्रोग्रामचा गाभा चार बिंदूंचा होता. दोन टोकाचे, दोन मधले. रेघ पहिल्या बिंदूपासून निघते आणि चौथ्यावर पोचते. मधल्या दोघांना ती शिवत नाही, पण ते जिकडे असतील तिकडे ती वाकते. ते दोन बिंदू हलवले की वाक बदलतो. बाकी सगळे तिसऱ्या घाताची एक बहुपदी करते. या वक्राला एका परदेशी इंजिनिअरचे नाव आहे. काकडे ते कधी घेत नसत. महाविद्यालयातली मुले परीक्षेत नाव लिहायची आणि पुढे काही येत नसायचे, त्यामुळे त्यांना त्या नावाचा वीट आला होता.

पान लावणारे शेख त्यांच्या शेजारच्या टेबलावर असत. दोघांचे पटे. एकदा शेख काकड्यांच्या पडद्याकडे वाकून, मधल्या दोन बिंदूंपर्यंत काढलेल्या काड्यांवर बोट ठेवून म्हणाले, ‘काकडे साब, लाईन तो बीच में से जा री. ये दो डंडियां बाहर कायकू निकाले?’

‘शेखभाई, औत हाकलंय का कधी?’

‘हमारे बाप ने नहीं हाका. हम तो प्रेस में पैदा हुए.’

‘मंग ऐका. बैल तास धरून बांधाकडं चाललाय. बांध आला की वळतो. बांधाला शिवत नाय. पण बांध हाय म्हणूनच वळतो ना? बांध अलीकडं सरकवला, तर अलीकडंच वळंल. ती डंडी म्हंजे बांध.’

‘और बैल?’

‘बैल म्हंजे रेघ.’

शेखांनी पडद्याकडे नीट पाहिले. ‘तो बैल को चारा डालो जरा. इतना दुबला बैल छपाई में दिखेगा भी नहीं.’

काकड्यांनी रेघ जाड केली. त्यानंतर काही दिवस दालनात आलेखाला ‘बैल’ म्हणत. ‘काकडे, बैल झाला का? पान अडलंय,’ अशी हाक संध्याकाळी ऐकू येई.

त्यांची एक चूक दालनात सांगितली जाई, आणि ती तेच सांगत. पावसाळ्यात धरणातल्या पाण्याचा आलेख रोज जात असे. एका वर्षी पाणी झपाट्याने चढले, धरण पूर्ण भरले आणि तिथेच राहिले. बिंदू बरोबर होते. पण चढावरून आलेला वक्र एकदम आडवा होऊ शकला नाही. दोन बिंदूंच्या मधे तो धरण भरल्याच्या खुणेच्या वर गेला आणि मग खाली उतरला. सकाळी गारखेड्यातून पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला.

‘भरलेल्या धरणात आणखी पाणी कुठं ठेवलं हो तुम्ही?’

काकडे त्याच दुपारी त्यांच्या घरी गेले. फोनवर सांगून भागले असते. पण चूक ज्याने दाखवली त्याच्यासमोर बसून ती कशी झाली हे सांगायची त्यांची पद्धत होती. तिथे त्यांनी चहा घेतला, त्या गृहस्थांना चार बिंदू कागदावर काढून दाखवले, आणि आल्यावर प्रोग्राममध्ये नवा नियम घातला. कोणत्याही दोन बिंदूंमधला वक्र त्या दोघांच्या उंचीच्या बाहेर जाणार नाही. तेव्हापासून त्यांचे वक्र थोडे कमी डौलदार दिसू लागले. ‘जिथं मोजलं नाय, तिथं डौल कशाचा?’ असे ते म्हणत.

आलेखाखाली बारीक अक्षरांत त्यांचे नाव येई. त्याचे त्यांना विशेष काही नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाला होते. भाऊ गावी शेती करीत, कपाशी आणि मका. सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात ते पेपर उघडत तो खालून. आधी धाकट्या भावाचे नाव, मग बातम्या. नाव नसले की दुपारी फोन येई, आणि काकड्यांनी स्पीकर न लावताही आवाज आम्हाला ऐकू येई. ‘सुदाम, आज न्हवता तू. रजेवर हाय का?’

महामारीच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांचा आलेख रोज पहिल्या पानावर घ्यायचे ठरले. दालन निम्मे रिकामे होते. काकडे येत. संध्याकाळी प्रशासनाकडून आकडा आला की ते एक बिंदू वाढवीत आणि वक्र पुढे नेत.

त्यासाठी चार कॉलमांची चौकट ठरली होती. बिंदू चौकटीच्या उजव्या कडेच्या बऱ्याच आधी संपत. तिथे पांढरी जागा उरे. वृत्तसंपादक देशमुख यांना ती खटके. ते पानाचा नमुना हातात घेऊन काकड्यांच्या टेबलाशी आले तेव्हा शेख आणि मी तिथेच होतो.

‘काकडे, रेघ मधेच तुटल्यासारखी वाटते. कडेपर्यंत न्या की.’

‘पुढं बिंदू नाय, सर.’

‘माहितीये. फिकट करा पुढची. पान मोकळं दिसतंय.’

काकड्यांनी थोडा विचार केला. प्रोग्राममध्ये सोय होती. कुठल्याही बिंदूपाशी वक्राची दिशा ठरवताना त्यांचा प्रोग्राम मागचा आणि पुढचा बिंदू पाहत असे. शेवटच्या बिंदूला पुढचा नसतो. म्हणून तिथे तो एक बिंदू मनाने धरून चाले. शेवटची चाल जशी, तशीच आणखी एक पायरी, असा साधा हिशेब. प्रोग्राम लिहिताना काकडे नावे मराठी देत. या मनाने धरलेल्या बिंदूचे नाव त्यांनी ‘उद्या’ ठेवले होते. तो कधी छापला जात नसे, फक्त वक्राला वळण द्यायला असे. त्या संध्याकाळी त्यांनी रेघ ‘उद्या’पर्यंत आणि तिथून चौकटीच्या कडेपर्यंत फिकट रंगात नेली. चौकट भरली. देशमुख समाधानाने गेले.

काही दिवस काही बिघडले नाही. आकडे चढत होते, फिकट रेघही चढत होती. मग लागून सुट्ट्या आल्या. तपासण्या कमी झाल्या आणि त्यामुळे सापडलेले रुग्णही कमी झाले. बातमीत तसे स्पष्ट लिहिले होते. आलेखात शेवटचा बिंदू खाली आला. शेवटची चाल उताराची, म्हणून ‘उद्या’ आणखी खाली गेला आणि फिकट रेघ चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात जवळजवळ तळाला टेकली. खाली नाव होते, सुदाम काकडे.

गावी थोरल्या भावाच्या मुलीचे, वैशालीचे, लग्न ठरलेले होते. पुढे ढकलायचे की उरकायचे यावर दोन्ही घरांत खल चालला होता. तो अंक निघाला त्या सकाळी भावाने फाट्यावर पेपर उघडला. त्यानंतर त्या आठवड्यातच लग्न झाले. मोजकी माणसे बोलवायची म्हणून बोलावली होती, पण अंगणात भावकी जमलीच. काकडे नोकरीमुळे गेले नाहीत. त्यांनी मुहूर्ताला फोन केला, आम्ही सगळे तो आवाज ऐकत होतो, मागे सनई वाजत होती. भाऊ ओरडून सांगत होते, ‘जेवायला तू न्हाईस. तुझं ताट वाढून ठिवतो म्हन!’

पंधरवड्याच्या आत भाऊ शहरातल्या रुग्णालयात वारले. त्याच सुमारास वैशालीचे सासरे वारले. तेही वेगळ्या रुग्णालयात, पण याच शहरात.

दिवस झाल्यावर काकडे परत आले तेव्हा त्यांच्या वहिनींचे शब्द त्यांनी शेखांना सांगितले. शेखांनी ते मला सांगितले. वहिनी रागावल्या नव्हत्या. चुलीपुढे बसून त्या नुसत्या आठवत होत्या. ‘हे तुमाला फोन करून इचारायचं म्हनले व्हते, भाऊजी, लग्न धरावं का. मंग पेपर घेऊन आले. म्हनले, आता इचारायचं काय? सुदामनंच काढलंय. रेघ खाली चाललीय, आठ दिसात उतरतंय.’

त्या दुपारी काकड्यांनी लग्नाआधीच्या त्या अंकातल्या आलेखाची फाइल उघडली. मी मजकूर घेऊन गेलो तेव्हा ते ‘उद्या’ला वर-खाली करून पाहत होते. तो बिंदू वर नेला की फिकट रेघ वर जाई. खाली आणला की खाली. आडवा धरला की आडवी. शेवटच्या बिंदूजवळचा वाक किंचित हले. आधीचे सारे बिंदू, आधीचा सारा वक्र, जागचा हलत नसे. ‘आकड्यातलं काईच बदलत नाय बघा,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘मधलं सगळं बांधून घेतलं व्हतं मी. धरणाच्या टायमाला. शेवटाकडं बघितलंच नाय.’

शेखांनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. ‘काकडे साब, लाईन से शादी नहीं होती. दो घर के लोगां ने मिल के करे.’

‘व्हय,’ काकडे म्हणाले. पण ते पटल्याचे नव्हते.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर काकडे कदाचित सावरले असते. काही आठवड्यांनी वैशालीच्या सासरहून कुजबूज येऊ लागली. सून माप ओलांडून घरात आली आणि तिचा बाप गेला, सासरा गेला. पांढऱ्या पायाची. हे तिच्या तोंडावर कोणी म्हणत नसे. पण जाऊबाईच्या डोहाळजेवणात तिला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ दिले नाही. गल्लीतल्या हळदीला घरातल्या सगळ्या बायका गेल्या, तिला घर राखायला ठेवले.

काकड्यांनी एक खुलासा लिहून देशमुखांकडे नेला. मजकूर दोन वाक्यांचा होता. ‘या दैनिकात प्रसिद्ध झालेल्या रुग्णसंख्येच्या आलेखात शेवटच्या बिंदूपुढे दाखवलेली फिकट रेघ ही माहिती नव्हती. ती जागा भरण्यासाठी काढली होती.’

देशमुखांनी तो दोनदा वाचला. ‘आकडा चुकला होता का?’

‘नाय.’

‘बातमी चुकली होती?’

‘नाय, सर.’

‘मग खुलासा कशाचा करायचा, काकडे? जागा भरायला काढली, असं कुठला पेपर छापेल? उद्या लोक म्हणतील, आणखी काय काय जागा भरायला छापता?’

‘माझ्या नावानं छापा. चूक माझी म्हणा.’

‘पण हवाय कशाला तुम्हाला?’

‘पुतणीच्या सासरी दाखवायचाय.’ काकडे इतर वेळी खालच्या आवाजात बोलत. त्या वेळी दालनातल्या सगळ्यांना ऐकू गेले. ‘माझ्या तोंडाचं ते नाय मानायचे. पोरीचा काका हाय, पोरीचीच बाजू घेणार म्हणतील. छापलेलं मानतात, सर. छापलेलं मानलं म्हणून तर लग्न लावलं.’

देशमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुलासा वरपर्यंत नेला. वरून नकार आला. त्यांनी काकड्यांना घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितले.

काकड्यांनी विश्रांती घेतली नाही. सिल्लोडच्या बाजारात मक्याची आवक पाहायला मी जाणार होतो हे कळल्यावर त्यांनी गाडीत जागा मागितली. वैशालीचे सासर सिल्लोडच्या पुढे, जळगाव रस्त्यावरून आत होते. वाटेत ते काय सांगणार याची जुळणी करीत होते. चार बिंदू सांगायचे की दोन, बैल सांगायचा की नाही. शेवटी म्हणाले, ‘नको. सरळ सांगतो.’

वैशालीची सासू ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिने सूप बाजूला सारले, डोक्यावरचा पदर सारखा केला. ‘या पाव्हणं. उन्हाचंच आलात.’

घरात कोणी पुरुष माणूस नव्हता. मुलगा टेम्पो घेऊन गेला होता. विचारपूस झाली. सासूबाईंनी आपणहून सुनेचा विषय काढला. ‘पोरगी गुणाची हाय तुमची. खोटं कशाला बोलू? कामाला वाघ हाय. कुणाला उलटून बोलत नाय. नशिबाचं काय करावं, पाव्हणं? तुमचा भाऊ गेला, आमचे हे गेले. दोघं शेजारी बसून जेवले व्हते मांडवात.’

त्या खरोखरच दुःखात होत्या.

काकड्यांनी सुपातले मूठभर दाणे उचलले आणि फरशीवर एकेक करून मांडू लागले. ‘विहीणबाई, एक सांगायचं व्हतं. पेपरातल्या रेघंचं. हे बघा. हा एका दिवसाचा आकडा. हा दुसऱ्या दिवसाचा. असे चढत चालले. हा शेवटचा दाणा. ह्याच्यापुढं दाणाच नाय.’

‘बरं,’ सासूबाई म्हणाल्या. त्या लक्ष देऊन पाहत होत्या.

‘दाणा नाय, तरी पेपरात पुढं रेघ व्हती. ती रेघ—’

वैशाली दारात आली. ‘काका, चहा ठेवलाय. हात धुवून घ्या आधी.’

चहाआधी हात धुवायचे काही कारण नव्हते. काकडे उठले. हौद अंगणात होता, आणि मी गाडीच्या काचेवरची धूळ पुसायला पाणी घेत तिथेच उभा होतो. ती तांब्याने त्यांच्या हातावर पाणी ओतू लागली.

‘काय सांगायलेत तुमी आत्याबाईला?’

‘खरं हाय ते सांगायलोय. तुझ्या पायाचं नाय काई. माझ्या रेघंचं हाय.’

‘मला ठावं हाय. आईनं सांगितलं मला.’

‘मंग सांगू दे ना.’

‘आन मंग?’ तिने तांब्या पुन्हा भरला. ‘त्यांचा माणूस गेलाय, काका. तुमच्यामुळं गेला असं वाटलं, तर पायरी चढू देतील का तुमाला?’

‘मला शिव्या देतील. देऊ दे.’

‘शिव्या देऊन थांबतील व्हय? आई इथं येत नाय, दोघं गेल्यापासून ह्या तिचं तोंड बघत नायत. मला भाऊ नाय. पंचमीला, दिवाळीला मला न्यायला कोण येईन?’

काकडे हात पुढे धरून उभे होते. पाणी संपले होते.

‘पायगुणाचं बोलतात ते बोलू द्या,’ ती म्हणाली. ‘त्याची सवय व्हती माणसाला. तुमचं येणं बंद पडू देऊ नका.’

ती आत गेली. काकडे ओसरीवर परतले. काकड्यांनी मांडलेले दाणे सासूबाईंनी तसेच राहू दिले होते. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून स्वतः बाजूला सरकून बसल्या होत्या.

‘हां, काय सांगायलते पाव्हणं? पुढं दाणा नाय, मंग?’

काकडे खाली बसले. त्यांनी दाणे एकेक करून गोळा केले आणि सुपात टाकले. ‘काई नाय. पेपरात चुका व्हतात, ते सांगत व्हतो.’

‘व्हायच्याच की. रोजचं काम तुमचं.’

वैशालीने चहा आणला. तो त्यांनी घेतला.

परतताना सिल्लोड मागे पडल्यावर ते म्हणाले, ‘देशमुखांनी छापलं असतं, तरी मला दाखवता आलं नसतं.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्राममधला वक्राचा भाग काढून टाकला. आलेखात बिंदू आणि सरळ रेघा उरल्या. देशमुख म्हणाले, आलेख करवतीसारखा दिसतो. वाचकांनी काही म्हटले नाही. पुढे मुख्य कार्यालयाने सगळ्या आवृत्त्यांसाठी तयार साचा पाठवला. त्यात आकडे भरले की गुळगुळीत वक्र आपोआप येई आणि चौकटीच्या कडेपर्यंत जाई. काकड्यांनी त्याबद्दल एक टिपण लिहिले, ते कोणी वाचले की नाही कळले नाही. त्यांना जाहिरात विभागात पाठवले. तिथे ते वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पानांत फोटो बसवीत. कोणी आकडा आणून देत नसे, त्यामुळे कोणाला काही विचारायची वेळ त्यांच्यावर येत नसे. शेख सांगत, ‘साब आजकल सवाल नहीं करते. तबियत ठीक नहीं लगती.’ वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली. मुकुंदवाडीत एका खासगी क्लासमध्ये ते प्रोग्रामिंग शिकवू लागले. तिथेही आलेखांचा धडा दुसऱ्या शिक्षकाकडे असल्याचे त्यांच्याकडूनच कळले.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या श्रावणात. पंचमी दोन दिवसांवर होती. सिल्लोडच्या बसस्थानकावर ते गाडीची वाट पाहत होते. स्वेटर नव्हता. हातात साडीची पिशवी आणि लाह्यांची पुडी होती. मी त्याच बाजूला जात होतो. त्यांना घेतले.

ओसरीवर आता एक लहान मूल रांगत होते. सासूबाईंनी काकड्यांना पाट दिला, पाणी दिले, मला आग्रहाने चहा दिला. साडी हातात घेऊन पाहिली, चांगली आहे म्हणाल्या. वैशाली तयार होऊन दारात उभी होती, कडेवर मूल घेतले होते, पायाशी पिशवी होती.

‘न्या, पाव्हणं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘चार दिस ठेवून घ्या. पण तिकडं कुणाचं हळदीचं असलं, बारशाचं असलं, तर हिला पुढं करू नका. लोकाच्या घरी कशाला काई? तुमाला तर ठावंच हाय हिचा पायगुण.’

वैशाली जमिनीकडे पाहत होती.

‘व्हय,’ काकडे म्हणाले. ते उठले, चपला पायात घातल्या आणि तिची पिशवी उचलली.